समारंभात आजीची खुर्ची कुठे?



आरोग्याचं पान म्हटलं की साखर, बीपी, गुडघे एवढंच डोळ्यांपुढे येतं. या वेळी विषय आहे म्हातारपणातला आनंद. घरातलं नामकरण, लग्न, वाढदिवस, जयंती, बुद्धपौर्णिमेची खीर आणि रोजचा सकाळचा चहासुद्धा. हा आरोग्याचा विषय कसा, असं कुणाला वाटेल. पण आधी रुग्णालयात आणि नंतर वस्तीत काम करताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. घरात मोठा कार्यक्रम झाला की पुढच्या दोन-तीन दिवसांत घरातलं म्हातारं माणूस आजारी पडतं. कुणाची साखर एकदम उतरते, कुणाला लघवीला जळजळ सुरू होते, कुणी जिन्यात पडतं. हे टाळायला काही घरं म्हाताऱ्यांना कार्यक्रमाला नेणंच बंद करतात. मग ती माणसं हळूहळू बोलायची कमी होतात, जेवायची कमी होतात आणि एक दिवस अंथरूण धरतात. म्हणजे नेलं तरी त्रास आणि नाही नेलं तरी त्रास. यातून वाट कशी काढायची, तो आजचा धडा.

आपली म्हातारी माणसं कुठून आली?

कोपरखैरण्यात आज सत्तरीच्या पुढे असलेल्या माणसांचं आयुष्य आठवा. मसजिद बंदर आणि भायखळ्याचे घाऊक बाजार वाशीला आले, त्यांच्यामागे माथाडी कामगार आले. सिडकोने त्यांच्यासाठी इथे लहान लहान घरं बांधली. काही जण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत लागले. काही १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आधी मुंबईच्या झोपडपट्टीत राहिले आणि मग खाडी ओलांडून इकडे आले. बायकांनी बिगारी केली, धुणीभांडी केली, भाजी विकली. पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर साठीतच बोलायला लागतात. त्यात आपली घरं वाढली ती वरच्या दिशेने. अरुंद, उभा जिना, त्याला धड कठडा नाही, आणि त्या जिन्याच्या वर आजी-आजोबा.

आणखी एक गोष्ट. या पिढीतल्या कितीतरी जणांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत, त्यांचं वयसुद्धा कुणीतरी अंदाजाने लिहिलं. बाबासाहेबांची १४ एप्रिल त्यांना पाठ आहे, नातवंडांचे वाढदिवस पाठ आहेत, स्वतःचा मात्र माहीत नाही. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कार्यक्रमात भाकऱ्या थापल्या. म्हणून तुम्ही "आजी, तुझा वाढदिवस करू" म्हणालात की उत्तर येतं, "मला कशाला?" या उत्तरावर गप्प बसायचं नाही. तारीख माहीत नसेल तर घरच्यांनी मिळून एक ठरवावी. ती आजीने स्वतः निवडावी.

आनंदाने शरीरात काय होतं?

म्हातारं माणूस चार लोकांत बसतं तेव्हा त्याच्या नकळत बरीच कामं होतात. तयार होताना, चालताना, उठबस करताना स्नायू हलतात. नावं, नाती, जुन्या आठवणी यांची जुळवाजुळव करताना मेंदूला काम मिळतं. सोबतीने दोन घास जास्त जातात. दिवसा जाग राहिल्यामुळे रात्री झोप लागते. उलट दिवसचे दिवस एकटं राहिलं की शरीर सतत ताणात राहतं. रक्तदाब चढा राहतो, झोप तुटते, भूक मरते.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली काही तरुणांच्या आयुष्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. ते म्हातारे होईपर्यंत आणि पुढे त्यांच्या मुलांपर्यंत हा अभ्यास चालू राहिला. ज्यांची घरच्यांशी आणि मित्रांशी नाती चांगली होती ते जास्त निरोगी राहिले, असं त्यातून दिसलं. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यात मधुमेह आणि रक्तदाब आहेत, तसंच एकटं पडणं, कमी ऐकू येणं, उपचार न केलेली कमी दृष्टी आणि मनाची उदासी हीसुद्धा आहेत. म्हणजे आजोबांचा कान तपासून घेणं आणि त्यांना गप्पांत ओढणं, हे दोन्ही मेंदूचं औषध आहे.

आपल्याकडे मुदिता हा शब्द आहे. दुसऱ्याच्या सुखाने आपल्याला आनंद होणं. म्हाताऱ्या माणसांकडे ही मुदिता भरपूर असते. नातीला नोकरी लागली की आजी आळीभर सांगत फिरते. त्यांना आनंद कसा करायचा हे शिकवावं लागत नाही. आपण फक्त त्यांना त्या आनंदातून बाहेर ठेवू नये.

हजेरी वेगळी, वाटा वेगळा

बहुतेक कार्यक्रमांत काय होतं? आजीला नवं लुगडं नेसवतात, पुढच्या रांगेत खुर्ची देतात, शाल घालतात, फोटो काढतात. पुढचे चार तास तिच्याशी कुणी बोलत नाही. ती त्याच खुर्चीत बसून राहते. पाय सुजतात. कुणाला हाक मारावी तर गाण्याच्या आवाजात ऐकू जात नाही. घरी आल्यावर ती म्हणते, "मी आता कुठं येणार नाही." आपण म्हणतो, म्हातारी चिडचिडी झाली.

यावर सोपा उपाय आहे. त्यांना एखादं काम द्या, जमेल एवढंच, पण खरं काम.

नामकरणात बाळाचं नाव आजीच्या तोंडून जाहीर होऊ द्या. त्रिशरण-पंचशील घेताना आजोबांनी सुरुवात करावी. खिरीत साखर किती, हे आजीने चाखून सांगावं. हात थरथरत असतील तर बसल्या जागी फुलं निवडता येतात, द्रोण-पत्रावळी मोजता येतात. आलेल्या पाहुण्यांची नाती नातवंडांना समजावून सांगणं हेसुद्धा काम आहे आणि ते त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशीच्या घरात आहे. त्या दिवसांबद्दल घरात काय बोललं गेलं, गावात काय झालं, मूर्ती कुणी काढल्या, कोण आडवं आलं, हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. घरच्या कार्यक्रमात दहा मिनिटं त्यासाठी ठेवा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. बायकांच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. तुमच्या आजीलाही काही आठवत असतील. विचारून तर बघा. गाताना श्वास लांब घ्यावा लागतो, तो छातीचा व्यायाम होतो. ज्या आजीला सकाळी काय जेवली ते आठवत नाही, तिला चाळीस वर्षांपूर्वीची ओवी सगळी आठवते, हे मी पाहिलं आहे.

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. कर्मकांड सोडलं असं आपण म्हणतो. तरी हळदीच्या वेळी नवरा नसलेली आजी अजूनही मागे सरकते आणि तिला पुढे बोलवायला कुणी उठत नाही. लग्न बौद्ध पद्धतीने, पण हळदीच्या ताटाजवळ जुनीच रीत. ज्या बाईने एकटीने घर वाढवलं तिला आपल्याच नातवाच्या लग्नात चोरासारखं उभं राहावं लागतं. त्या रात्री तिला झोप लागत नाही आणि सकाळी बीपी चढलेलं असतं. नवरा-नवरीला पहिलं फूल तिच्या हातून द्या. प्रत्येक मंगलप्रसंगी आपण मंगलसुत्त म्हणतो, आणि आई-वडिलांची सेवा हे त्यात मंगल सांगितलं आहे. तिथे सधवा-विधवा असा फरक नाही.

कार्यक्रमाच्या दिवशीच्या पाच अडचणी

१. जेवणाची वेळ. पत्रिकेत जेवण १२ ला असतं, भाषणं आणि सत्कार होईपर्यंत ३ वाजतात. मधुमेही माणसाने सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असतं आणि पोटात काही नसतं. घाम फुटणं, थरथर, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल पण लक्षणं असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटत नसेल तर पुन्हा द्या, मग जेवायला घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. यापेक्षा सोपं म्हणजे ज्येष्ठांची पंगत आधी बसवा. भाषण थांबलं तरी चालेल.

वर्षावासात काही उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. ज्यांना मधुमेहाचं औषध चालू आहे त्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगावं, डोस बदलावा लागतो. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

२. पाणी आणि शौचालय. बायका कार्यक्रमाला निघताना पाणीच पीत नाहीत, कारण तिथे जायची सोय नसते. लघवी होण्याची गोळी असेल तर ती त्या दिवशी गुपचूप टाळतात. वय वाढलं की तहान कमी लागते, त्यात हे. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, चक्कर येते, कधी माणूस भ्रमिष्टासारखं बोलतं आणि घरचे घाबरतात. हॉल ठरवताना भाडं विचारतो तसं शौचालय कुठे आहे, कमोड आहे का, पायऱ्या किती, हे विचारा. मंडप असेल तर जवळच्या एखाद्या घराला आधीच सांगून ठेवा. लघवीच्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

३. ऊन. आपले मोठे दिवस एप्रिल-मे महिन्यांत येतात. २०२३ च्या १६ एप्रिलला आपल्याच नवी मुंबईत, खारघरच्या मैदानावर, भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. म्हाताऱ्या शरीराला घाम कमी येतो आणि ते लवकर तापतं. ज्येष्ठांचा सहभाग सकाळी १० च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर ठेवा. अंग तापलं, बोलणं अडखळलं, शुद्ध हरपायला लागली तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

४. आवाज. जयंतीच्या मिरवणुकीत तरुणांचा उत्साह असावाच. पण डीजेच्या गाडीसमोर घर असलेल्या हृदयरोग्याचा विचार कुणी करायचा? नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, फक्त सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सवलत. कानाचं यंत्र वापरणाऱ्याला मोठ्या आवाजात शब्द कळतच नाहीत, फक्त त्रास होतो. स्मृतिभ्रंश असलेलं माणूस गर्दी-गोंगाटात घाबरतं. अशांसाठी बाजूला एक शांत खोली ठेवा आणि ओळखीचं एक माणूस सोबत द्या. गाणी लावताना एक तास ढोलकी-पेटीवरच्या जुन्या भीमगीतांना द्या. वामनदादा कर्डकांचं नाव काढलं की कोपऱ्यात बसलेले आजोबा कसे ताठ होतात ते बघा.

५. जिना आणि पाय. नवी चप्पल, लांब लुगडं, मंडपातल्या वायरी, ओली फरशी आणि अंधारा जिना, पडण्याची पाचही कारणं समारंभात एका जागी येतात. जिन्यात दिवा लावा, दोन्ही बाजूंना नाही तर एका बाजूला तरी पक्का कठडा बसवा, पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारा. चप्पल जुनीच घाला. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर "काही झालं नाही" म्हटलं तरी रुग्णालयात दाखवा.

गोडाबद्दल एवढंच, की मधुमेही माणसाला खीर अजिबात नाही म्हणून हिरमुसलं करू नये. जेवण झाल्यावर छोटी वाटी द्यावी, त्या वेळचा भात किंवा एक चपाती कमी करावी. दात नसतील त्यांच्यासाठी मऊ वरण-भात, शिजवलेली भाजी वेगळी काढून ठेवावी. पापड-लोणचं कमी. दिवसभराचं मीठ एका छोट्या चमच्याच्या आत राहावं.

खर्चाचं एक सांगते. लग्नासाठी आजोबांच्या फंडाचे पैसे मोडले की पुढच्या महिन्यात पहिली बंद होते ती बीपीची गोळी. म्हातारी माणसं हे बोलून दाखवत नाहीत. कार्यक्रमाचं बजेट करताना ज्येष्ठांची सहा महिन्यांची औषधं आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात हॉल ठरवा.

रोजचा आनंद

समारंभ वर्षातून चार-पाच. उरलेल्या दिवसांचं काय? आनंदाला वेळ ठरवून द्यावी लागते, औषधाला देतो तशी.

सकाळी उन्हात वीस-पंचवीस मिनिटं चालणं. जुन्या कचराभूमीच्या जागेवर उभं राहिलेलं आपलं निसर्ग उद्यान आहे, तिथे किंवा आपल्याच सेक्टरच्या बागेत. आठवड्याला मिळून १५० मिनिटं चालणं झालं पाहिजे. आठवड्यातून तीनदा तोलाचा व्यायाम करावा. भिंतीला किंवा ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे उभं राहायचं, मग दुसऱ्या. शेजारी कुणीतरी असावं.

दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र आणि टीव्ही, मोबाईल बंद. म्हातारपणी स्नायू झिजतात, म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, अंडं, दही, मासे यांपैकी काहीतरी हवं. चहा-बिस्किटांवर दिवस काढणं हे जेवण नव्हे.

आठवड्यातून एकदा विहारात किंवा महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात जाणं. महिन्यातून एक छोटी सहल. कोपरखैरण्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने तिसरं स्टेशन ऐरोली, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे. ग्रंथालय बघावं, थोडा वेळ शांत बसावं. गावाकडच्या लग्नाला जायचं असेल तर एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आणि बायकांना कुठल्याही वयात अर्धं तिकीट आहे. ओळखपत्र बरोबर ठेवा.

कमी ऐकू येत असेल तर आधी कानात मळ आहे का ते दाखवा, तेवढ्यानेही कधी काम होतं. बोलताना समोर बसा, तोंड दिसू द्या, ओरडण्यापेक्षा सावकाश बोला. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. नातवंडाचा चेहरा स्पष्ट दिसणं याहून मोठा रोजचा आनंद कुठला?

मन उतरलं असेल तर

कार्यक्रमाचं नाव काढलं की रडू येतं, आवडीच्या गोष्टीत रस नाही, झोप-भूक गेली, "मी तुम्हाला ओझं झाले" असं बोलणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तो म्हातारपणाचा स्वभाव नव्हे. तो आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. जोडीदार गेल्यानंतर येणारी पहिली जयंती, पहिला वाढदिवस फार जड जातो. त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका आणि गेलेल्याचं नाव घ्यायला घाबरू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. घरात छळ किंवा हेळसांड होत असेल, पेन्शन, कायदा याबद्दल विचारायचं असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७. आणि ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत रुग्णालयाचे उपचार आहेत. अजून काढलं नसेल तर काढून घ्या.

या महिन्याचा गृहपाठ

१. घरातल्या ज्येष्ठांना त्यांचा वाढदिवस विचारा. माहीत नसेल तर त्यांच्याकडून एक तारीख ठरवून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा.

२. त्यांच्या औषधांची यादी, वेळा आणि डॉक्टरांचा फोन एका कागदावर लिहून त्यांच्या पिशवीत ठेवा. सोबत साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली.

३. पुढच्या कार्यक्रमात त्यांचं काम कोणतं, हे त्यांनाच विचारा.

४. कार्यक्रमात दर अर्ध्या तासाने त्यांच्याजवळ जाऊन बसण्याची जबाबदारी घरातल्या एका नातवाला किंवा नातीला द्या. पाणी विचारायचं, पाय मोकळे करायला उठवायचं, शौचालयापर्यंत न्यायचं.

५. विहाराच्या पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा. ज्येष्ठांची पंगत आधी, आणि मंडपाजवळ शौचालयाची सोय. खर्च थोडा आहे. हात वर करणारे तुम्ही पहिले व्हा.